कंटेनर गेला तरी डेटा राहिला पाहिजे : डॉकरमधली साठवण, पहिल्यापासून

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाला पुस्तकनोंदीचं सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. आत पोस्टग्रेस हा डेटाबेस, तो डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बंद करून चालवायच्या डब्यात. तीन आठवडे तिथल्या ग्रंथपाल बाई रोज दुपारी बसून नोंदी भरत होत्या. एका संध्याकाळी मी जुना कंटेनर काढून नवा चढवला आणि पडद्यावर एकही पुस्तक नव्हतं. घाबरून डिस्क साफ करून बघू म्हणून डॉकरची सफाईची कमांड दिली. खरं तर तोपर्यंत डेटा डिस्कवरच होता, फक्त मला त्याचा पत्ता माहीत नव्हता. तो गेला माझ्या सफाईमुळे. बाईंनी सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या, आणि त्या तीन आठवड्यांची भरपाई मला कधीच करता आली नाही.

तो पत्ता त्या दिवशी माहीत असता तर ही वेळ आली नसती. म्हणून डॉकर नुकतंच शिकणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. उदाहरण वाचनालयाचंच घेतो. मशीन लिनक्सचं आहे आणि त्यावर डॉकर बसवलेलं आहे असं धरतो.

कमांडबद्दल एक सूचना आधीच. इथल्या कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लिपीतच टाइप करायच्या. आडव्या रेघा, तिरक्या रेघा, स्वल्पविराम, बरोबरची चिन्हं मात्र दिली आहेत तशीच्या तशी ठेवायची. कंटेनर आणि व्हॉल्यूमची (व्हॉल्यूम म्हणजे कंटेनरबाहेर डॉकरने सांभाळलेली डेटाची जागा) नावंही इंग्रजी लिपीत द्यावी लागतात, डॉकर देवनागरी नाव घेत नाही.

पायरी 1 : आधी डेटा हरवून बघा

वाचून पटण्यापेक्षा हे एकदा हाताने करून बघणं बरं. पाच मिनिटांचं काम आहे.

डॉकर रन -आयटी --नेम फळा अल्पाइन एसएच

अल्पाइन ही अगदी छोटी लिनक्स इमेज. इमेज म्हणजे ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा. आत गेलात की एक फाइल तयार करा :

एको नमस्कार > /टीप.टीएक्सटी

एक्झिट देऊन बाहेर या. कंटेनर थांबला. आता बाहेरूनच विचारा :

डॉकर डिफ फळा

मूळ इमेजपेक्षा या कंटेनरमध्ये काय वेगळं आहे त्याची यादी येते. ओळीच्या सुरुवातीला ए म्हणजे नवीन, सी म्हणजे बदललेलं, डी म्हणजे काढून टाकलेलं. तुमची टीप.टीएक्सटी तिथे ए लावून दिसेल. मग 'डॉकर स्टार्ट -एआय फळा' म्हणून पुन्हा आत जा. फाइल जागेवर आहे. बाहेर या, 'डॉकर आरएम फळा' म्हणून कंटेनर काढून टाका आणि पहिली कमांड पुन्हा द्या. नाव तेच, इमेज तीच, पण फाइल नाही.

कंटेनरच्या आत लिहिलेलं हे वर्गातल्या फळ्यावर लिहिल्यासारखं असतं. तास संपल्याची घंटा झाली म्हणून फळा पुसला जात नाही. स्टॉप आणि रीस्टार्टमध्ये काही जात नाही ते यामुळेच, आणि नवशिक्याला 'माझा डेटा तर राहतो की' असं वाटतं तेही यामुळेच. डस्टर फिरतो तो आरएमच्या वेळी. आणि डॉकरमध्ये कंटेनर काढून नवा चढवणं हे रोजचं काम आहे. इमेजची आवृत्ती बदलली, पोर्ट बदलला, एखादी सेटिंग बदलली, की दरवेळी कंटेनर नवाच तयार करावा लागतो.

असं का होतं तेही थोडक्यात समजून घ्या. इमेज ही थरांची बनलेली असते आणि ते थर फक्त वाचण्यापुरते असतात. कंटेनर तयार होताना त्यांच्यावर एक कोरा, लिहिता येईल असा थर पसरला जातो, एकावर एक ट्रेसिंग पेपर ठेवावेत तसा. वरून बघताना सगळं एकच चित्र वाटतं. खालच्या थरातली फाइल बदलायची झाली तर ती आधी पूर्णच्या पूर्ण वरच्या कागदावर उतरवली जाते आणि बदल तिथे होतो. फाइल 1 जीबीची असली आणि बदल एका ओळीचा असला तरी उतरते ती अख्खी फाइल. म्हणून डेटाबेससारखी सतत लिहिणारी गोष्ट या थरात ठेवणं वेगाच्या दृष्टीनेही चुकीचं आहे. कंटेनर काढला की फेकला जातो तो हाच वरचा कागद.

पायरी 2 : प्रत्येक फोल्डरला एक प्रश्न विचारा

कंटेनर काढल्यावर हे फोल्डर कोणाला हवं आहे? उत्तर मिळालं की जागा ठरली.

डॉकरलाच सांभाळू द्यायचं, मला रोज उघडून बघायचं नाही, पण गमवायचंही नाही, असं असेल तर व्हॉल्यूम. डेटाबेस, लोकांनी चढवलेले फोटो, शोधाची अनुक्रमणिका हे सगळं यात येतं. मला स्वतःला ती फाइल माझ्या एडिटरमध्ये उघडून बदलायची आहे, असं असेल तर बाइंड माउंट, म्हणजे तुमच्या मशीनवरची फाइल किंवा फोल्डरच कंटेनरला जोडणं. तुमचा कोड आणि कॉन्फिग फाइली इथे. कोणालाच नको आणि डिस्कवर उमटायलाही नको, तर टीएमपीएफएस. ते फक्त मेमरीत राहतं, कंटेनर थांबला की जातं. तात्पुरत्या गुप्त किल्ल्यांसाठी किंवा कॅशेसाठी ते ठीक आहे, सुरुवातीला तुम्हाला त्याची फारशी गरज पडणार नाही.

वाचनालयाच्या बाबतीत, पोस्टग्रेसचा डेटा व्हॉल्यूममध्ये, मुखपृष्ठांचे फोटो दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये, वेब सर्व्हरची कॉन्फिग बाइंड माउंटने. ही यादी कागदावर लिहून ठेवा. कंटेनर चढवायला बसण्याआधी लिहा.

पायरी 3 : व्हॉल्यूम करा आणि पोस्टग्रेस जोडा

डॉकर व्हॉल्यूम क्रिएट ग्रंथडेटा

मग कंटेनर, सगळं एकाच ओळीत :

डॉकर रन -डी --नेम डीबी -ई पोस्टग्रेस_पासवर्ड=तुमचापासवर्ड --माउंट टाइप=व्हॉल्यूम,सोर्स=ग्रंथडेटा,टार्गेट=/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा पोस्टग्रेस:17

सोर्स म्हणजे व्हॉल्यूमचं नाव, टार्गेट म्हणजे कंटेनरच्या आतली जागा. जुन्या लेखांत -व्ही वापरून, मध्ये कोलन ( : ) घालून हेच लिहिलेलं दिसेल. तेही चालतं. पण --माउंटमध्ये काय कुठे जातंय ते वाचता येतं, म्हणून नवशिक्याने हेच लिहावं असं माझं मत आहे.

आता टार्गेटबद्दल, कारण सगळ्यात जास्त डेटा इथे बुडतो. ही जागा तुम्ही ठरवायची नसते, त्या इमेजने ठरवलेली असते. मायएसक्यूएलची /व्हार/लिब/मायएसक्यूएल, मोंगोची /डेटा/डीबी, रेडिसची /डेटा. पोस्टग्रेसची 17 पर्यंतच्या आवृत्त्यांत वर दिली ती. 18 पासून अधिकृत इमेजने जागा बदलली आहे, तिथे शेवटचं 'डेटा' गाळून /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल एवढंच जोडायचं. आणि 17 च्या फाइली 18 ला थेट वाचता येत नाहीत, म्हणून पोस्टग्रेसच्या पुढे आवृत्तीचा आकडा नेहमी लिहा. 'लेटेस्ट'च्या भरवशावर डेटाबेस चालवू नका.

जागा चुकली तर काय होतं? डॉकर काहीच तक्रार करत नाही, आणि हेच धोक्याचं आहे. पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये 'इथे व्हॉल्यूम हवाच' अशी नोंद असते. तुम्ही बरोबर जागी काही जोडलं नाहीत तर डॉकर स्वतःच एक बिननावाचा व्हॉल्यूम करून तिथे लावतं. त्याचं नाव म्हणजे 64 अक्षरांची आकडे-अक्षरांची माळ. सगळं सुरळीत चालतं, नोंदी भरल्या जातात. कंटेनर काढून नवा केला की नव्या कंटेनरला नवा बिननावाचा व्हॉल्यूम मिळतो आणि जुना मागे बेवारस पडून राहतो. वाचनालयाचा डेटा त्या संध्याकाळी अशाच एका व्हॉल्यूममध्ये होता.

तुमच्यावर ही वेळ आलीच तर हात थांबवा. सफाईची कुठलीही कमांड देऊ नका. 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' म्हणा, लांबलचक नावांचे व्हॉल्यूम दिसतील. एकेक करून अल्पाइनच्या कंटेनरला फक्त वाचण्यासाठी जोडा आणि आत कुठल्या फाइली आहेत, कुठल्या तारखेच्या आहेत ते बघा. डेटा बहुतेक वेळा सापडतो.

जोडणी बरोबर झाली का, ते बघायला :

डॉकर इन्स्पेक्ट डीबी

लांब उत्तर येईल. त्यात 'माउंट्स' हा भाग शोधा. 'नेम'पुढे ग्रंथडेटा दिसलं पाहिजे. तिथे ती लांब माळ दिसली तर थांबा, जागा चुकली आहे. नावाचं स्पेलिंगही नीट बघा. सोर्समध्ये एक अक्षर चुकलं तर डॉकर एरर देत नाही, त्या चुकीच्या नावाचा नवा रिकामा व्हॉल्यूम मुकाट्याने तयार करतं.

मग खरी परीक्षा. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्याच साधनाने आत जाऊन एक टेबल करा, दोन पुस्तकं भरा. 'डॉकर आरएम -एफ डीबी' म्हणून कंटेनर काढा. वरची रनची कमांड जशीच्या तशी पुन्हा द्या. पुस्तकं दिसली तर झालं. खऱ्या नोंदी भरायला सुरुवात या परीक्षेनंतरच.

याच ठिकाणी अनेकांना एक कोडं पडतं. पासवर्ड बदलून कंटेनर नव्याने चढवला, तरी जुनाच पासवर्ड लागतो. कारण पोस्टग्रेस_पासवर्ड ही सेटिंग फक्त रिकाम्या व्हॉल्यूमवर पहिल्यांदा डेटाबेस उभारताना वाचली जाते. व्हॉल्यूममध्ये आधीच डेटाबेस असेल तर तिच्याकडे कोणी बघत नाही. पासवर्ड डेटाबेसच्या आत जाऊनच बदलावा लागतो. यासाठी व्हॉल्यूम उडवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

पायरी 4 : कॉन्फिग आणि कोडसाठी बाइंड माउंट

इथे सोर्स म्हणजे तुमच्या मशीनवरचा पूर्ण पत्ता. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगसाठी असं :

--माउंट टाइप=बाइंड,सोर्स=/होम/ग्रंथ/एनजिनएक्स.कॉन्फ,टार्गेट=/ईटीसी/एनजिनएक्स/एनजिनएक्स.कॉन्फ,रीडओन्ली

शेवटचा 'रीडओन्ली' विसरू नका. बाइंड माउंट म्हणजे कंटेनरला तुमच्या घराची किल्ली देणं. आतल्या प्रोग्रामने फाइल पुसली तर ती तुमच्या मशीनवरून पुसली जाते. कॉन्फिग वाचायचीच असते, मग लिहिण्याची मुभा कशाला?

हीच जोडणी -व्हीने केली आणि मशीनवर ती फाइल नसली, तर डॉकर त्या नावाचं फोल्डर तयार करतं. मग एनजिनएक्स 'ही फाइल नसून फोल्डर आहे' म्हणून अडतो आणि तुम्ही तासभर कॉन्फिगमधली चूक शोधत बसता. --माउंट सरळ एरर देतो. मी --माउंटचा आग्रह धरतो त्याचं हे दुसरं कारण.

व्हॉल्यूम आणि बाइंड माउंट यांच्या वागण्यात एक मोठा फरक आहे. इमेजमध्ये आधीच फाइली असलेल्या जागी रिकामा व्हॉल्यूम जोडला तर त्या फाइली व्हॉल्यूममध्ये कॉपी होतात. बाइंड माउंट जोडला तर त्या झाकल्या जातात, भिंतीवरच्या चित्रापुढे कपाट लावल्यासारख्या. इमेजमध्ये बसवलेली नोडची पॅकेजं कोडचं फोल्डर जोडल्यावर 'गायब' होतात ती यामुळे.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे 'पर्मिशन डिनाइड'. लिनक्स फाइलचा मालक नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतो. तुमचा स्वतःचा आकडा बहुतेक 1000 असेल. पोस्टग्रेसच्या डेबियनवरच्या इमेजमध्ये पोस्टग्रेस वापरकर्त्याचा आकडा 999 आहे, अल्पाइनवरच्या इमेजमध्ये 70. त्यामुळे डेबियनची इमेज बदलून अल्पाइनची लावली की तोच डेटा परका होऊन बसू शकतो. आतल्या प्रोग्रामचा आकडा 'डॉकर एक्झेक' करून 'आयडी' विचारून काढा आणि मशीनवरच्या फोल्डरची मालकी त्या आकड्याला द्या. सगळ्यांना सगळे हक्क देणारा 777 चा उपाय इंटरनेटवर जागोजागी सापडेल, पण तो करू नका. पोस्टग्रेस तर डेटाचं फोल्डर इतकं उघडं असेल तर सुरूच होत नाही. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यातली लिनक्स असेल तर आकडे जुळूनही नकार मिळू शकतो. तिथे एसईलिनक्सचा पहारा असतो आणि -व्हीच्या शेवटी मोठ्या लिपीतलं झेड जोडावं लागतं. ते स्वतःच्या प्रोजेक्टच्या फोल्डरलाच लावा, अख्ख्या /होमला कधीच नाही.

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो : कोड सी ड्राइव्हवर ठेवून जोडला तर सगळं रेंगाळतं. तो डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्ये लिनक्स चालवायच्या सोयीच्या) आतल्या लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा.

पायरी 5 : हे सगळं कम्पोझ फाइलमध्ये उतरवा

लांबलचक कमांड कोणी रोज टाइप करत नाही. कम्पोझ म्हणजे कंटेनरची सगळी मांडणी एका फाइलमध्ये लिहून चढवायची डॉकरची सोय. फाइल अशी :

सर्व्हिसेस:
  डीबी:
    इमेज: पोस्टग्रेस:17
    एन्व्हायर्नमेंट:
      पोस्टग्रेस_पासवर्ड: तुमचापासवर्ड
    व्हॉल्यूम्स:
      - ग्रंथडेटा:/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा
व्हॉल्यूम्स:
  ग्रंथडेटा:
    एक्स्टर्नल: ट्रू

शेवटच्या ओळीवर माझा जीव आहे. ती नसेल तर कम्पोझ व्हॉल्यूमच्या नावाला प्रोजेक्टचं नाव जोडतं, आणि प्रोजेक्टचं नाव म्हणजे सहसा फोल्डरचं नाव. 'ग्रंथालय' नावाच्या फोल्डरमध्ये व्हॉल्यूम होतो 'ग्रंथालय_ग्रंथडेटा'. पुढे कोणी फोल्डरचं नाव बदललं की कम्पोझ नवा रिकामा व्हॉल्यूम करतं, आणि डेटा गेला म्हणून धावपळ सुरू होते. जुना व्हॉल्यूम जागेवरच असतो, नाव बदललेलं असतं इतकंच.

दुसरं असं की 'डॉकर कम्पोझ डाउन' ही कमांड नाव दिलेल्या व्हॉल्यूमना हात लावत नाही, पण 'डॉकर कम्पोझ डाउन -व्ही' ते काढून टाकतं, तेही काही न विचारता. एका अक्षराचा फरक. एक्स्टर्नल लिहिलेला व्हॉल्यूम मात्र -व्ही दिलं तरी काढला जात नाही. त्या बदल्यात तो आधी हाताने तयार करावा लागतो, जो आपण पायरी 3 मध्ये केला आहे. प्रयोगाच्या प्रोजेक्टला याची गरज नाही, पण लोकांचा डेटा जिथे आहे तिथे ही ओळ हवीच.

पायरी 6 : बॅकअप, आणि तो परत चढवून बघणं

व्हॉल्यूम कंटेनरपासून वाचवतो. डिस्क बिघडली तर व्हॉल्यूमही गेला. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइलींची नुसती कॉपी घेऊ नका, अर्धवट लिहिलेली पानं हाती येतात. डेटाबेसचंच साधन वापरा :

डॉकर एक्झेक डीबी पीजी_डम्प -यू पोस्टग्रेस पोस्टग्रेस > ग्रंथ.एसक्यूएल

इथला यू मोठ्या लिपीतला. एक्झेकनंतर सवयीने -आयटी लावू नका, फाइलमध्ये नको ती चिन्हं घुसतात. कम्पोझने चढवलेल्या कंटेनरचं नाव वेगळं असतं, तेव्हा 'डॉकर पीएस'मध्ये बघून ते लिहा.

फोटोंसारख्या साध्या फाइलींचा व्हॉल्यूम असेल तर घडीभराचा अल्पाइन कंटेनर करायचा. त्याला एका बाजूने तो व्हॉल्यूम रीडओन्ली जोडायचा, दुसऱ्या बाजूने बॅकअपचं फोल्डर बाइंड माउंटने जोडायचं आणि टारने गाठोडं बांधायचं. --आरएम लावलं की काम झाल्यावर कंटेनर आपोआप निघून जातो.

आता परत चढवणं. 'ग्रंथतपासणी' नावाचा वेगळा व्हॉल्यूम करा, त्यावर वेगळ्या नावाचा पोस्टग्रेस उभा करा आणि डम्प त्यात ओता :

डॉकर एक्झेक -आय तपासडीबी पीएसक्यूएल -यू पोस्टग्रेस पोस्टग्रेस < ग्रंथ.एसक्यूएल

पुस्तकांची संख्या मोजा, मूळच्याशी जुळवा. वाचनालयात हे आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी करतो आणि आकडा बाईंच्या वहीत लिहिला जातो.

पायरी 7 : डिस्क भरली की

डॉकर सिस्टम डीएफ

इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम आणि बिल्डची कॅशे, कोणी किती जागा घेतली आहे ते दिसतं. शेवटी -व्ही लावलं तर एकेकाचा तपशील येतो.

पण कंटेनरच्या लॉगची जागा इथे ठळक दिसत नाही, आणि बऱ्याचदा खरा खादाड तोच असतो. डॉकर मुळात लॉग जेसन फाइलमध्ये लिहितं आणि त्या फाइलला मर्यादा घालत नाही. ती तुम्ही घालायची. /ईटीसी/डॉकर/डेमन.जेसन या फाइलमध्ये :

{
  "लॉग-ड्रायव्हर": "जेसन-फाइल",
  "लॉग-ऑप्ट्स": { "मॅक्स-साइझ": "10एम", "मॅक्स-फाइल": "3" }
}

3 हा आकडाही अवतरणात हवा, नाहीतर डॉकर सुरू होत नाही. सेव्ह करून डॉकर रीस्टार्ट करा. ही मर्यादा फक्त यापुढे तयार होणाऱ्या कंटेनरना लागते, म्हणून चालू कंटेनर काढून पुन्हा चढवावे लागतील. तुमचा डेटा व्हॉल्यूममध्ये असल्यामुळे आता ते बिनधास्त करता येतं.

सफाईच्या कमांड जपून द्या. 'डॉकर सिस्टम प्रून' व्हॉल्यूमना हात लावत नाही, जोवर तुम्ही मुद्दाम --व्हॉल्यूम्स जोडत नाही. 'डॉकर व्हॉल्यूम प्रून' डॉकरच्या 23 व्या आवृत्तीपासून फक्त बिननावाचे वापरात नसलेले व्हॉल्यूम काढतं. त्याआधी ते नावाचेही काढायचं, आणि आजही -ए लावलं तर काढतं. वापरात नसलेला म्हणजे कुठल्याच कंटेनरला न जोडलेला. कम्पोझ डाउन केलेल्या प्रोजेक्टचा व्हॉल्यूमही त्या क्षणी वापरात नसलेलाच असतो, हे विसरू नका.

एवढं करूनही जागा पुरत नसेल तर डॉकरचा सगळा संसार मोठ्या डिस्कवर हलवायचा. तो मुळात /व्हार/लिब/डॉकरमध्ये असतो, व्हॉल्यूम त्यातल्या 'व्हॉल्यूम्स' फोल्डरमध्ये. आधी बॅकअप घ्या. डॉकरची सर्व्हिस आणि तिचं सॉकेट दोन्ही थांबवा. आरसिंकने मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा ठेवून अख्खं फोल्डर नव्या जागी उतरवा. डेमन.जेसनमध्ये "डेटा-रूट" पुढे नवा पत्ता लिहा, डॉकर सुरू करा आणि 'डॉकर इन्फो'मध्ये 'डॉकर रूट डिर'पुढे तोच पत्ता येतो का ते बघा. आवृत्ती 29 किंवा पुढची नव्याने बसवलेली असेल तर इमेज कंटेनरडी या डॉकरच्या खाली चालणाऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात, /व्हार/लिब/कंटेनरडीमध्ये असतात आणि डेटा-रूट बदलून त्या हलत नाहीत. त्यांच्यासाठी कंटेनरडीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये रूट बदलावं लागतं. व्हॉल्यूम मात्र डेटा-रूटबरोबरच जातात.

हलवून झाल्यावर सगळे कंटेनर चढवा, पुस्तकांची संख्या वहीतल्या आकड्याशी जुळवा. जुन्या फोल्डरचं नाव बदलून ते आठवडाभर तसंच राहू द्या. मग काढा.